उत्प्रेरण आणि द्रवातील रेणुगती

द्रवातील रेणू अखंड व दिशाहीन हालचाल करीत असतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतून पाण्यात आलेल्या सूक्ष्म कणांची अशी हालचाल पाहिली. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचा संबंध तापमान, द्रवाची श्यानता व कणाचे आकारमान यांच्याशी जोडला. त्यांच्या सूत्रात रासायनिक विक्रियेला स्थान नाही. उत्प्रेरकामुळे विक्रिया जलद होत असताना रेणूंचे विसरणही वाढते काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या विषयाच्या औद्योगिक अंगाला मुंबईचा मोठा हातभार लागला. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात (स्थापना १९३३) शिकलेले मन मोहन शर्मा यांनी केंब्रिज येथे पी. व्ही. डँकवर्ट्‌स यांच्यासमवेत कार्बन डाय-ऑक्साइडाच्या शोषणाचा अभ्यास केला. कार्बोनेटाच्या विद्रावात आर्सेनाइट, हायपोक्लोराइट यांसारखे उत्प्रेरक मिसळल्यास वायू अधिक त्वरेने शोषला जातो, यासंबंधीचे त्यांचे निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. विक्रिया पुरेशी जलद असल्यास शोषणाचा दर हा विसरण गुणांक व वेगांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेगांक चौपट झाला, तर शोषण दुप्पट होते. यात वायूचे रेणू मात्र पूर्वीपेक्षा वेगाने धावत नाहीत. ते पृष्ठभागाजवळच खर्ची पडतात, त्यामुळे संहतीचा उतार तीव्र होऊन प्रवाह वाढतो. हा भेद पुष्कळदा नजरेआड केला जातो. शर्मा १९६४ मध्ये मुंबईस प्राध्यापक झाले. ज्ञात वेगाच्या विक्रियेवरून वायू व द्रव यांमधील संपर्कक्षेत्र मोजण्याची पद्धत विकसित करण्यात त्यांचा वाटा आहे. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

प्रत्यक्ष रेणूच वेगवान होतो, असा दावा पुढे अमेरिकेत झाला. आयुष्मान सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यूरिएज हे एंझाइम यूरियाच्या सान्निध्यात अधिक जलद विसरते, असे नोंदविले. विक्रियेत मुक्त होणाऱ्या उष्णतेमुळे असे घडत असावे, असे मत २०१५ मध्ये मांडले गेले. परंतु वापरलेल्या प्रतिदीप्ती मापनात दोष शिरू शकतात, असे २०१८ मध्ये दाखविण्यात आले. स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने २०२० मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या आधारे हाच परिणाम सामान्य विक्रियांतील लहान रेणूंतही आढळल्याचे प्रतिपादन केले. मापन चालू असतानाच विक्रियाकारकांची संहती बदलत जाते व तिचा परिणाम विसरणाची वाढ म्हणून भासतो, असा आक्षेप २०२१ मध्ये घेण्यात आला. मूळ लेखकांनी तो मान्य केला नाही.