बुरुड राजाचा कोट आणि कुदळीचा एक घाव : उत्खननात निर्णय कसे होतात?

#थ्रेड #इतिहास #ठाणे #सोपारा

१) एप्रिल १८८२. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा गावाजवळ एका टेकाडावर कुदळी चालू होत्या. गावकरी या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. उत्खनन करीत होते पंडित भगवानलाल इंद्रजी. टेकाडाच्या मध्यभागी, विटांच्या बांधकामात त्यांना एक गोलाकार दगडी पेटी मिळाली. कोट म्हणून ओळखला जाणारा तो ढीग प्रत्यक्षात बौद्ध स्तूप होता.

२) भगवानलाल मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी अनेक वर्षे देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. इंग्रजी विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती; पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही त्यांच्या अभ्यासाचा मोठा हातभार लागला.

३) पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या : सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत होते. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही मिळाले.

४) येथे एक कोडे उभे राहते. यज्ञ सातकर्णीचे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. कांस्यमूर्तींची शैली मात्र आठव्या-नवव्या शतकाकडे निर्देश करते. एकाच पेटीतील वस्तूंमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर कसे पडले? पेटी एकदा बंद झाल्यावर पुढे कोणी भक्तिभावाने पुन्हा उघडून मूर्ती ठेवल्या असतील का? तसे घडले असेल, तर पेटीपर्यंत पोहोचण्यासाठी त्या काळीही कोणीतरी स्तूप फोडला असणार आणि नंतर तो बुजवलाही असणार.

५) अशा बुजवलेल्या खड्ड्याची खूण मातीत राहते. मूळ भरावापेक्षा त्याची माती सैल असते, रंग थोडा वेगळा असतो, विटांची ओळ मध्येच तुटलेली दिसते. मात्र ही खूण उभ्या छेदातच स्पष्ट होते आणि तीही खणतानाच. सोपाऱ्याच्या स्तूपाचा मधला भाग एकदा खणून झाला. ती माती तिच्या मूळ जागी परत कधीच तपासता येणार नाही. उत्खनन ही पुरावा मिळवण्याची आणि त्याच क्षणी तो मोडण्याचीही क्रिया आहे.

६) म्हणून भगवानलालांना दोष द्यावा का? तसे करणे अन्यायाचे ठरेल. इंग्लंडमध्ये जनरल पिट-रिव्हर्स काटेकोर नोंदींची पद्धत घडवत होते, तो हाच काळ. भगवानलालांनी करंडकांचा क्रम आणि मूर्तींची मांडणी नोंदवली व त्याच वर्षी ती प्रसिद्धही केली. आज आपण त्या कोड्यावर चर्चा करू शकतो, ती या नोंदींमुळेच. नुसत्या मूर्ती उचलून नेल्या असत्या, तर प्रश्नसुद्धा उरला नसता.

७) भारतात थरांनुसार उत्खननाची शिस्त रुजली ती १९४४ नंतर. त्या वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणवर्ग भरवला. जमिनीवर दोऱ्यांनी चौकोन आखायचे, दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची भिंत राखायची आणि त्या भिंतीवर थर वाचायचे, अशी ती पद्धत. महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली क्षेत्रीय उत्खननाची मोठी परंपरा उभी केली.

८) उत्खननाचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो. तिरपे ऊन असताना मातीतले बारीक फरक अधिक उठून दिसतात. कुदळ लागण्यापूर्वी पृष्ठभाग खरवडून साफ करतात, खोली मोजतात, छायाचित्र घेतात. मग पहिला निर्णय : कालचा थर अजून चालू आहे की संपला? रंग बदलला, राख लागली, माती कठीण झाली, तर थांबायचे. शंका असली तरी थांबायचे. निर्णय चुकला, तर दोन काळांची खापरे एकाच पिशवीत पडतात आणि नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत ती वेगळी करता येत नाहीत.

९) दुसरा निर्णय हत्याराचा. भरावाच्या मातीत कुदळ चालते. जमीन किंवा भिंत जाणवू लागली की खुरपे आणि ब्रश. अनुभवी मजुराचा हात येथे फार मोलाचा असतो. कुदळीचा आवाज बदलला, हे अनेकदा त्यालाच आधी कळते. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी पडते : स्थळ, चौकोन, थर, खोली, तारीख. दुपारी खापरे धुऊन वाळवायची, त्यांवर शाईने क्रमांक घालायचे. संध्याकाळी रोजनिशी लिहायची.

१०) सर्वांत कठीण निर्णय असतो खाली जावे की आडवे पसरावे. एकच चौकोन खोल नेला, तर वस्तीचा कालक्रम हाती येतो. पण तिथली माणसे कशी राहत होती, ते समजत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात बारा हंगाम उत्खनन झाले. तेथे क्षेत्र विस्तृत उघडल्यामुळे ताम्रपाषाणयुगीन गावातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष हाती आले. एखादे घर राखून ठेवायचे, की त्याखालचे जुने घर पाहण्यासाठी ते काढून टाकायचे? दोन्ही एकत्र साधत नाहीत.

११) जागेचे महत्त्व ठाण्याच्याच आणखी एका शोधातून कळते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट मिळाला. त्यावर शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा उल्लेख आहे. ताम्रपटाला अक्षरे होती, म्हणून तो स्वतःच बोलला. पण त्याच जमिनीतल्या साध्या खापराला अक्षरे नसतात. ते कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते, एवढीच त्याची भाषा. जागेवरून उचलले, की ते मुके होते.

१२) सोपाऱ्याचे दुसरे मोठे धन म्हणजे अशोकाचे लेख. आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलालांनाच भाटेला तळ्याजवळ मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे प्रा. ना. अ. गोरे यांच्या नजरेस पडला. दोन शोधांमध्ये ७४ वर्षे गेली. चौदा लेखांचा संच येथे कोरला होता असे मानले, तर बाकीचे तुकडे कुठे असतील? कदाचित एखाद्या जोत्यात, एखाद्या विहिरीच्या काठाला.

१३) आता कल्याणकडे पाहू. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘कल्लिएना’ म्हणून येते. तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे सोनार आणि लोहार भेटतात. म्हणजे कल्याणची माणसे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. ती जिथे राहत होती, ते शहर मात्र आजच्या वस्तीखाली आहे.

१४) सोपाऱ्याला मोकळे टेकाड होते; कल्याणात घरावर घर चढत गेले. येथे पुरातत्त्वज्ञाची दोरी पोहोचण्याआधी इमारतीच्या पायासाठी जेसीबी पोहोचतो. आठ-दहा फुटांच्या खड्ड्याच्या उभ्या कडेवर राख, विटा आणि खापरांचे पट्टे काही दिवस उघडे राहतात आणि मग काँक्रीटमागे जातात. थर शेवटचा वाचण्याची संधी तेवढीच.

१५) अशा वेळी वस्तू उचलून घरी नेणे म्हणजे तिचा पुरावा पुसणे. जागेचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे, खोली व ठिकाण लिहावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारकही आहे.

१६) सोपाऱ्याचे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. स्तूपाचे अवशेष नालासोपाऱ्यात उभे आहेत. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. करंडक, मूर्ती, नाणे सारे सुरक्षित आहे. पेटी कितीदा उघडली गेली, याचा साक्षीदार असलेली माती तेवढी गेली. सोने टिकवणे सोपे असते. माती टिकवायची, तर खणणाऱ्याने रोज संध्याकाळी ती वहीत उतरवावी लागते.