पीएचक्यू-९

नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी रुग्णाने स्वतः भरायची नऊ प्रश्नांची एकपानी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशात गोडी वाटत होती का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांचे काय, असे तिचे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला ‘अजिबात नाही’ (०) ते ‘जवळजवळ रोज’ (३) असे गुण मिळतात. एकूण २७ गुणांपैकी ५, १०, १५ आणि २० पासून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र या पायऱ्या सुरू होतात.

मूळचे साधन निराळे होते. १९९४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘प्राइम-एमडी’मध्ये निम्मे काम डॉक्टरांचे असे आणि त्यात प्रत्येक रुग्णामागे सरासरी आठ मिनिटे जात. सामान्य डॉक्टरांना ते परवडेना. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी १९९९ मध्ये सगळे प्रश्न रुग्णाच्याच हाती दिले. त्यांतील नैराश्याचा भाग २००१ मध्ये पीएचक्यू-९ म्हणून स्वतंत्रपणे मांडला गेला. पैसा फायझर कंपनीचा होता. ही कंपनी नैराश्यावरचे औषधही विकत असे, त्यामुळे टीका झाली आणि ती गैर नव्हती. मात्र प्रश्नावली वापरायला परवानगी वा शुल्क लागत नाही. तिच्या प्रसाराला अचूकतेइतकेच हे फुकट मिळणेही कारणीभूत आहे.

नऊ प्रश्न म्हणजे अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणातील नैराश्याची नऊ लक्षणे. त्यामुळे डॉक्टरांना बेरजेचा अर्थ वेगळा शिकावा लागत नाही. पुढच्या भेटीत तोच कागद पुन्हा भरून घेता येतो. पाचएक गुणांचा फरक पडला तर उपचार लागू पडला असे धरतात. इंग्लंडच्या सरकारी मानसोपचार सेवेत तो दर बैठकीला भरून घेतला जातो.

अडचणी प्रश्नांच्या रचनेतच आहेत. तिसऱ्या प्रश्नात झोप न लागणे आणि फार झोपणे एकत्र आहे. आठव्यात हालचाल मंदावणे आणि अस्वस्थ येरझारा. रुग्णाने ‘जवळजवळ रोज’वर खूण केली तरी नेमके काय होते ते कागदावरून कळत नाही, विचारावेच लागते. क्षयरोग, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर थकवा आणि भूक यांचे गुण मन ठीक असूनही वाढतात. म्हणून बेरीज म्हणजे निदान नव्हे. वाचता न येणाऱ्याला प्रश्न मोठ्याने विचारावे लागतात. शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असेल तर उत्तरे बदलणारच.

पहिल्या दोन प्रश्नांची ‘पीएचक्यू-२’ ही आवृत्ती चाळणीसाठी पुरते. भारतात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा सेविका घरोघरी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात हेच दोन प्रश्न आहेत. महाराष्ट्रातही ते असेच विचारले जातात. पण पुढे समुपदेशक वा डॉक्टर उपलब्ध नसेल तर असल्या चाळणीचा उपयोग नोंदवहीपुरताच.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर एकूण बेरीज कितीही कमी असो, रुग्णाशी त्याच दिवशी बोलावे लागते. त्यामुळे भरलेला कागद हाती येताच बेरजेआधी नववी ओळ पाहावी.