सजग स्वप्न : मानसचित्रण आणि ध्यान

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे पाहणाऱ्याच्या लक्षात येणे आणि झोप न मोडता ती जाणीव काही काळ टिकणे, या अवस्थेला सजग स्वप्न म्हणतात. ही अवस्था पुष्कळदा आपोआप येते. परंतु झोपण्यापूर्वी मनात ठरावीक दृश्य उभे करणे, म्हणजे मानसचित्रण, आणि ध्यान यांच्या साहाय्याने ती घडवून आणण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे रुजलेल्या दत्तसंप्रदायात या प्रयत्नांशी जवळचे नाते असलेली एक निद्रापूर्व साधना आढळते. तिचे उद्दिष्ट मात्र वेगळे आहे, आणि हा वेगळेपणा नजरेआड करून दोन्ही एकच मानणे दोहोंवरही अन्याय करणारे आहे.

कारंजा हे दत्तसंप्रदायातील गुरू नृसिंहसरस्वती यांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार त्यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी झाला. पुढे काशीस संन्यास घेऊन ते नरसोबाची वाडी आणि गाणगापूर येथे राहिले. सरस्वती गंगाधर यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘गुरुचरित्र’ या ओवीबद्ध ग्रंथात त्यांचे चरित्र आले असून, त्या ग्रंथाची सुरुवातच एका स्वप्नावर बेतलेली आहे. गुरुभेटीसाठी व्याकूळ झालेला नामधारक वाटेत थकून झोपी जातो, जटा आणि भस्म धारण केलेली योग्याची मूर्ती त्याला स्वप्नात दिसते, स्वप्नातच तो तिची पूजा करतो, आणि जागा झाल्यावर तीच मूर्ती मनात धरून पुढे चालू लागला असता नृसिंहसरस्वतींचे शिष्य सिद्धमुनी यांची प्रत्यक्ष भेट होते. येथे दृश्य स्वप्नातून जागृतीत येते आणि जागृतीत टिकवून धरले जाते, ही गोष्ट ध्यानाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. याच ग्रंथात कुष्ठाने पीडित नंदी ब्राह्मणाला देवीचा आदेश स्वप्नात मिळतो आणि त्यामुळे तो गाणगापूरला पोहोचतो. तुकारामांना बाबाजी चैतन्यांकडून मिळालेला मंत्र आणि बहिणाबाईंना तुकारामांकडून झालेला उपदेश हेही स्वप्नातलेच असल्याने, गुरुकृपेचे स्थान म्हणून स्वप्नाला असलेला मान दत्तसंप्रदायापुरता मर्यादित नाही.

गुरुचरित्राच्या सप्ताहाचे, म्हणजे सात दिवसांत पूर्ण करावयाच्या पारायणाचे, जे नियम अनेक छापील पोथ्यांत दिलेले असतात, त्यांत झोपेलाही जागा आहे. वाचकाने ब्रह्मचर्य पाळावे, हविष्यान्न म्हणजे साधे सात्त्विक अन्न घ्यावे, रात्री देवाजवळ चटईवर किंवा धाबळीवर डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे त्याला दृष्टांत, म्हणजे स्वप्नात देवतेचे किंवा गुरूचे दर्शन, होण्याचा संभव असतो, अशी श्रद्धा आहे. तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगात उजव्या कुशीवरची सिंहशय्या सांगितलेली आहे. कूस बदलली तरी शरीराची ठेवण आणि स्वप्न यांचा संबंध दोन्ही परंपरांनी गंभीरपणे घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दिवसभराचे वाचन, मितभोजन आणि मानसपूजा, म्हणजे बाह्य साहित्याविना मूर्तीला स्नान, गंध, फुले आणि नैवेद्य मनानेच अर्पण करणे, यांमुळे एकच रूप चित्तावर वारंवार ठसते आणि निद्रेत त्याच रूपाला येण्यास अनुकूलता मिळते. पतंजलीच्या योगसूत्रांतील पहिल्या पादात स्वप्न आणि निद्रा यांतील ज्ञान हेच चित्त स्थिर करण्याचे एक आलंबन म्हणून सांगितलेले आहे.

कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांचे, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्यांचेही, जुने केंद्र होते, आणि दिगंबर परंपरेत मानसचित्रणाची पद्धत अधिक काटेकोर आहे. शुभचंद्रांच्या ‘ज्ञानार्णव’ ग्रंथातील पिंडस्थ ध्यानात साधक क्षीरसमुद्र, त्यातील सहस्रदल कमळ आणि कमळाच्या कर्णिकेवरील सिंहासनावर बसलेला स्वतःचा आत्मा यांची क्रमाने कल्पना करतो. नंतर अग्नीने कर्मे जळतात, वाऱ्याने राख उडते, पावसाने उरलीसुरली राख धुऊन निघते आणि शेवटी शुद्ध आत्मस्वरूप उरते. या ध्यानाचा हेतू कर्मक्षय हा आहे, स्वप्न नव्हे. तरीही दृश्य टप्प्याटप्प्याने आणि न गाळता मनात उभारण्याचा इतका बारकाईचा अभ्यास अन्यत्र क्वचितच आढळतो.

आधुनिक शास्त्रात सजग स्वप्नाच्या अवस्थेला नाव देण्याचे श्रेय डच लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांना दिले जाते (१९१३). इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये आणि अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी १९८० च्या सुमारास तिचा प्रयोगशाळेत पुरावा मिळवला. स्वप्नांच्या निद्रेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलू शकतात. म्हणून झोपलेल्या व्यक्तीने आधी ठरवलेल्या खुणेप्रमाणे डोळे हलवले आणि ती खूण यंत्रावर नोंदली गेली. लाबर्ज यांच्या पद्धतीत सुमारे पाच तासांच्या झोपेनंतर जागे होऊन नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातच आपण परत गेलो असून ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखत आहोत असे चित्र मनात रंगवायचे, आणि तो संकल्प करतच पुन्हा झोपायचे असते. उत्तररात्री स्वप्नांची निद्रा लांबत जात असल्याने ही वेळ निवडलेली आहे. नेमक्या याच ठिकाणी पारंपरिक साधनेची वाट वेगळी होते, कारण ब्राह्ममुहूर्ती उठलेला साधक पुन्हा आडवा होत नाही. शिवाय दृष्टांतात येणाऱ्या रूपापुढे नम्र होणे अपेक्षित असते, ते स्वप्न आहे हे ओळखणे नव्हे.

केवळ ध्यानाच्या परिणामाविषयी २०१९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका संशोधनात दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांमध्ये सजग स्वप्ने अधिक आढळली, पण आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाने नवशिक्यांमध्ये तशी वाढ झाली नाही. त्यामुळे थोड्या दिवसांत हमखास फळ देणाऱ्या शिबिरांचे दावे मान्य करता येत नाहीत. रात्री मध्येच उठण्याच्या सवयीने झोप तुटते, आणि काहींना जाग आल्यावरही शरीर हलवता न येण्याचा भयप्रद अनुभव येतो. निद्रानाश किंवा भास होणारे मानसिक आजार असलेल्यांनी हा अभ्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये.