झिजलेले बुश आणि भरकटणारी मोटार

सरळ रस्त्यावर मोटार एका बाजूला ओढू लागली, की बहुतेक वाहनधारक प्रथम व्हील अलाइनमेंट करून घेतात. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो. मग टायर बदलले जातात, क्वचित शॉकअब्सॉर्बरही बदलले जातात. तरीही स्टेअरिंगवर पूर्वीसारखा विश्वास बसत नाही. अशा अनेक मोटारींमध्ये मूळ दोष चाकामागे दडलेल्या, मुठीत मावेल एवढ्या एका रबरी भागात असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘बुश’ म्हणतात. बुश झिजला की चाकाचा कोन एका जागी राहत नाही, आणि जो कोन जागेवर राहतच नाही तो यंत्रावर कितीही अचूक जुळवला तरी उपयोग होत नाही. म्हणूनच अलाइनमेंट आणि टायर यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी बुशांची तपासणी होणे आवश्यक ठरते.

बुश म्हणजे काय?

मोटारीचे चाक सांगाड्याला थेट जोडलेले नसते. खड्ड्यातून वा गतिरोधकावरून जाताना चाकाला वरखाली होता यावे, पण पुढेमागे किंवा आतबाहेर सरकता येऊ नये, यासाठी ते पोलादी दांड्यांनी धरलेले असते. आपल्याकडील बहुसंख्य लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल व झेफर या मोटारींत वापरण्यात आली. भारतात १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही हीच रचना होती. या रचनेत स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर चाकाला वरून आधार देतात, तर खालून चाक धरून ठेवण्याचे काम ‘लोअर आर्म’ करतो. या आर्मचे चाकाकडील टोक बॉल जॉइंटला असते आणि सांगाड्याकडील टोके बुशांमध्ये बसवलेली असतात.

बुशाची घडण साधी आहे. बाहेर पोलादी नळी, आत दुसरी लहान पोलादी नळी आणि दोहोंच्या मध्ये पक्के चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली असते. आर्म वरखाली होतो तेव्हा या दोन नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीत येते. घर्षण नसल्यामुळे येथे ग्रीसची गरज पडत नाही.

ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. त्या निमित्ताने मेकॅनिक वारंवार गाडीखाली जात असे आणि सांध्यातील ढिलेपणा त्याच्या नजरेस येत असे. रबरी बुशांनी ग्रीसिंगची कटकट संपवली. मात्र त्याबरोबर ही सहज होणारी तपासणीही मागे पडली. रबर हळूहळू थकते, चालकाला त्या बदलाची सवय होत जाते आणि दोष बराच वाढल्यावरच ध्यानात येतो.

दोन परस्परविरोधी अपेक्षा

बुशाकडून अभियंत्यांच्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. रस्त्याचे धक्के व आवाज आत पोहोचू नयेत म्हणून तो मऊ हवा. चाकाची दिशा ढळू नये म्हणून तो कडक हवा. यातून वाट काढण्यासाठी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या लोअर आर्मवर सामान्यतः दोन वेगळ्या स्वभावांचे बुश असतात. चाकाच्या रेषेजवळ असणारा पुढचा बुश तुलनेने कडक असतो. वळणावर चाकावर येणारा आडवा जोर तो पेलतो. मागचा बुश आकाराने मोठा व मऊ असतो. खड्ड्यात चाक आदळले की ते किंचित मागे सरून धक्का जिरवते, ते या बुशामुळे. या मागच्या बुशाच्या रबरात अनेकदा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या पाहून बुश फाटला, असा गैरसमज होऊ शकतो.

याखेरीज वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे रबर, स्ट्रटच्या वरच्या टोकाचे माउंटिंग आणि मागच्या ॲक्सलचे मोठे बुश हेही याच कुळातले. लोअर आर्मच्या बुशांवर मात्र चालण्याचा, वळण्याचा आणि ब्रेकचा असा तिहेरी ताण असतो.

झिजल्यावर काय घडते?

ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ओढतो. बुश चांगला असेल तर हा ओढा रबर सोसते आणि चाक जवळपास जागेवर राहते. रबर फाटले वा लोखंडापासून सुटले असेल तर संपूर्ण आर्म मागे सरकतो. स्टेअरिंगचा टाय रॉड मात्र चाकाला दुसऱ्या ठिकाणी धरून असतो. परिणामी चाक नुसते मागे न जाता किंचित आत वा बाहेर वळते. चालकाने स्टेअरिंग हलवलेलेही नसते, तरी चाकाची दिशा बदललेली असते. दोन्ही बाजूंची झीज सारखी नसेल, आणि ती क्वचितच सारखी असते, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारीत ॲक्सिलरेटर दाबताना चाक पुढे सरकते. त्यामुळे वेग घेताना गाडी एका बाजूला आणि ब्रेक लावताना दुसऱ्या बाजूला झुकते.

शहरातील वाहतुकीत ३० किलोमीटर वेगाने जाताना या गोष्टीचे फारसे काही वाटत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर पुढच्या ट्रकने अचानक मार्गिका बदलली आणि एकाच वेळी ब्रेक व स्टेअरिंग यांचा वापर करावा लागला, तर चाकाने त्या क्षणी सांगितलेल्या दिशेलाच जायला हवे. घाट उतरताना, ओल्या रस्त्यावर आणि गाडी भरलेली असताना हा दोष अधिक जाणवतो.

दुसरे नुकसान टायरचे. चाक सरळ रेषेपासून केवळ अर्धा अंश वाकडे धावत असेल, तर दर किलोमीटरमागे ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. हजार किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे पावणेनऊ किलोमीटरचे होते. टायरची एकच कड लवकर गुळगुळीत होते, याचे कारण बहुधा हेच असते.

लक्षणे कशी ओळखावीत?

• लहान खड्ड्यावरून किंवा गतिरोधकावरून हळू जाताना पुढून ‘धप्प’ असा दबका आवाज येणे.
• वेग घेताना आणि ब्रेक लावताना गाडी वेगवेगळ्या बाजूंना झुकणे.
• महामार्गावर सरळ जाताना स्टेअरिंगमध्ये सतत बारीक दुरुस्ती करावी लागणे.
• वळणावर स्टेअरिंग फिरवल्यावर गाडीने क्षणभर उशिराने प्रतिसाद देणे.
• अलाइनमेंट केल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा बिघडणे, टायरची कड झिजणे.

यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणून दोष बुशाचाच आहे, असे मात्र नव्हे. टायरमधील हवा कमी-जास्त असणे, बॉल जॉइंट वा टाय रॉडमधील ढिलेपणा, स्टॅबिलायझरची लिंक खिळखिळी होणे, एका बाजूचा ब्रेक अडकून राहणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून टायरची हवा प्रथम पाहावी. त्या तपासणीला काहीच खर्च नसतो.

प्रत्यक्ष तपासणीसाठी गाडी लिफ्टवर घेणे उत्तम. आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी पहार घालून हलका दाब दिला असता चांगला बुश थोडासा दबतो व लगेच परततो. आतली नळी मोकळी फिरणे, रबर लोखंडापासून सुटलेले दिसणे किंवा आर्म सहज पुढेमागे सरकणे ही बुश संपल्याची खूण होय. रबराच्या पृष्ठभागावरील केसासारख्या बारीक भेगा वयोमानाने येतात. तेवढ्यावरून भाग बदलण्याची घाई नको. खोलवर गेलेली, दाब देताच उघडणारी चीर मात्र गंभीर समजावी. काही महागड्या मोटारींमध्ये बुशात द्रव भरलेला असतो; त्यातून गळती झाल्याचे डाग दिसल्यास तो बुश बदलावाच लागतो.

वाहनधारकाने मेकॅनिककडे आग्रहाने एक मागणी करावी: बदलण्यापूर्वी ढिलेपणा प्रत्यक्ष दाखवावा. गाडी लिफ्टवर असताना हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि अनावश्यक खर्च टाळण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

बदलताना घ्यावयाची काळजी

काही मोटारींसाठी बुश सुटा मिळतो, तर काहींसाठी बुश व बॉल जॉइंटसह पूर्ण आर्मच घ्यावा लागतो. बॉल जॉइंटही सैल झाला असेल तर पूर्ण आर्म बदलणे सोयीचे ठरते. झीज एकाच बाजूला अधिक दिसत असली तरी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे बुश एकत्र बदलावेत. नव्या कडक रबरासमोर जुने मऊ रबर राहिले तर गाडी पुन्हा एका बाजूला ओढू शकते.

जुना बुश हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढला जातो. हातोड्याने ठोकून काढणे-बसवणे टाळावे. त्याने आर्मचे छिद्र वाकडे होते आणि नवा बुश तिरका बसतो. नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या नळीवर द्यायचा असतो, रबरावर नव्हे. पोकळ्या असलेल्या बुशाची दिशा ठरलेली असते. जुना काढण्यापूर्वी ती खूण करून ठेवली नाही, तर नवा बुश उलटसुलट बसून मऊ बाजू चुकीच्या दिशेला येते.

सर्वाधिक दुर्लक्षित नियम शेवटच्या बोल्टचा. गाडी उचललेली असताना चाके लोंबकळतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी त्या कोनात घट्ट होते. गाडी खाली उतरताच आर्म वर येतो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. मग नवा बुशही अल्पावधीत फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क रेंच वापरून आवळणे हीच योग्य पद्धत होय. ‘नवे बुश सहा महिन्यांत गेले’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हीच घाई असते.

हे काम झाल्यावर अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. बुश आधी आणि अलाइनमेंट नंतर, हा क्रम उलटला तर अलाइनमेंटचा खर्च दोनदा होतो.

घरच्या घरी टूलकिट आणि गाडीतला जॅक घेऊन हे काम करण्याचा मोह टाळावा. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

रबर की पॉलियुरेथेन?

मोटारीची हौस असणाऱ्यांमध्ये पॉलियुरेथेनच्या बुशांचे आकर्षण आहे. ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलेला हा पदार्थ रबरापेक्षा कडक बनवता येतो आणि तेलाने सहसा फुगत नाही. त्यामुळे स्टेअरिंगला प्रतिसाद अधिक तत्पर मिळतो. त्याची किंमत आरामाने मोजावी लागते: रस्त्याची थरथर व आवाज आत अधिक येतो. शिवाय असे बुश बहुधा नळीला चिकटवलेले नसून तिच्यावर फिरतात. योग्य ग्रीस न लावल्यास ते करकरू लागतात. शर्यतीच्या ट्रॅकवर त्यांचा लाभ आहे. खड्डे आणि गतिरोधकांतून रोज कार्यालयात जाणाऱ्या मोटारीसाठी कंपनीने ठरवलेल्या दर्जाचे रबरी बुशच अधिक योग्य ठरतात.

आयुष्य कसे वाढेल?

बुश अमुक किलोमीटरनंतर बदलावा, असा सरसकट नियम नाही. रस्ता, ओझे आणि वाहन चालवण्याची पद्धत यांवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. खड्ड्यात उतरत असताना ब्रेक दाबून ठेवणे टाळावे. वेग खड्ड्याआधीच कमी करून चाक मोकळे जाऊ द्यावे. इंजिन वा स्टेअरिंगमधून तेलगळती असेल तर ती वेळीच थांबवावी, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व पोचट होते. याच कारणाने पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खालच्या भागावर डिझेल वा जळके ऑइल फवारण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. लोखंड गंजू नये म्हणून केलेला हा उपाय रबराच्या मुळावर येतो.

भारतात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. या काळात प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र वेळोवेळी घ्यावे लागते, पण ते धुराची तपासणी करते, सस्पेन्शनची नव्हे. भाड्याच्या वाहनांना योग्यता तपासणी तरी द्यावी लागते. खासगी मोटारीचे बुश पाहण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी मालकावर येते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यातील खड्ड्यांचा हंगाम संपल्यावर, सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी लिफ्टवर घेऊन बुश, बॉल जॉइंट व टाय रॉड पहारीने तपासून घ्यावेत आणि तशी नोंद जॉबकार्डवर आवर्जून करून घ्यावी.