लोणावळ्याचा मासा कावेरीत

मंडळींनो, गेल्या वर्षी उत्सवानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली होती. अलसूर तलावाकाठी आपण बाप्पांना निरोप देतो, तर त्या तलावात मंडळातर्फे मत्स्यबीज सोडावे. टाळ्याही पडल्या होत्या. यंदा ती सूचना मी स्वतःच मागे घेत आहे. त्यामागचा इतिहास सांगतो.

उद्यान एक्सप्रेसने मुंबईला जाताना पुणे सोडल्यावर लोणावळा लागते. तिथे टाटांनी विजेसाठी शंभर वर्षांपूर्वी बांधलेला वळवणचा तलाव आहे. मला ही कल्पना सुचली ती तिथल्या महाशीर माशांच्या गोष्टीवरून.

महाशीर म्हणजे आपल्याकडचा खडशी. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ म्हटले. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून त्यांना आजही कोणी हात लावत नाही. पण सगळ्याच नद्यांना देवीचे संरक्षण नव्हते. धरणांनी त्यांची वाट अडवली, सुरुंग लावून मासेमारी झाली आणि हा मासा दुर्मीळ झाला.

माशांची कृत्रिम पैदास तोवर आपल्या देशाला नवी राहिली नव्हती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची अंडी मिळवली होती. महाशीरचे काम लोणावळ्यात १९७० च्या सुमारास सुरू झाले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ते चिकाटीने केले. पावसाळ्यात पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यावर नराचे बीज सोडायचे आणि ती वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवण्याची युक्तीही त्यांचीच. २०२० पर्यंत हा मासा जागतिक यादीत ‘धोक्यात’ या वर्गातून बाहेर आला. मराठी माणसाला अभिमान वाटावा असेच हे काम!

मात्र गोष्ट इथे संपत नाही. ही पिल्ले अनेक राज्यांत गेली, कर्नाटकातही आली आणि आपण ज्या कावेरीचे पाणी पितो तिच्यात सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला. १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा सापडला होता. पुढे गळाने मासे धरून परत सोडणाऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की १९९८ ते २०१२ या काळात आपला निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कुबडाचा कमी होत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणे आहेतच. पण बाहेरून आणलेल्या माशाचा वाटा नाकारता येत नाही.

कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नदीत मासे वाढावेत एवढेच सर्वांना हवे होते. फक्त ‘या पाण्यात आधी कोण राहते?’ हे विचारायचे राहून गेले.

आणि अलसूरचे काय? मार्च २०१६ मध्ये तिथे हजारो मासे मरून तरंगले होते. सांडपाण्याने प्राणवायू संपलेल्या पाण्यात बीज सोडणे म्हणजे पुण्याच्या नावाखाली हत्याच.

म्हणून माझी नवी सूचना अशी: यंदा मूर्ती शाडूची असावी, निर्माल्य वेगळे गोळा करावे आणि विसर्जन तलावाशेजारच्या कल्याणीतच व्हावे. पाणी सुधारले, की कोणते मासे सोडायचे ते इथल्या मत्स्यखात्यातल्या जाणकारांना विचारूनच ठरवू. आपणही या गावात बाहेरून येऊन स्थिरावलेली माणसे. गावाने आपल्याला जागा दिली, तर गावाच्या पाण्यातल्या जुन्या रहिवाशांची जागा आपण राखावी.

गणपती बाप्पा मोरया!