भुलीच्या विषावरचा उतारा

ब्युपिवाकेन हे औषध १९५७ साली स्वीडनमध्ये बो आफ एकेन्स्टाम आणि सहकाऱ्यांनी तयार केलं. हात किंवा पाय तासन्‌तास बधिर ठेवणारं औषध भूलतज्ज्ञांना हवंच होतं, त्यामुळे ते जगभर पसरलं. पण मज्जातंतूभोवती टोचलेलं औषध तिथेच बसून राहत नाही, हळूहळू रक्तात उतरतं. बरगड्यांच्या मधल्या जागेतून ते झपाट्याने उतरतं, मांडीमागच्या सायटिक मज्जातंतूभोवतून सावकाश. म्हणजे एका जागी पचणारी मात्रा दुसऱ्या जागी जड जाऊ शकते. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर सगळा डोस एकदम रक्तात. आधी ओठ-जीभ बधिर होतात, तोंडाला धातूची चव येते, कानात आवाज घुमतो, मग झटके येतात आणि शेवटी हृदय थांबतं. काही वेळा तर हे टप्पे दिसतही नाहीत.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज अल्ब्राइट यांनी ‘अ‍ॅनेस्थेशियॉलॉजी’ या नियतकालिकात संपादकीय लिहून बजावलं, की ब्युपिवाकेन आणि त्याच जातीचं एटिडोकेन दिल्यावर हृदयं बंद पडताहेत आणि ती सुरू करणं फार अवघड जातंय. कारण पुढे कळलं. हृदयाच्या सोडियमच्या वाटांना ब्युपिवाकेन चटकन चिकटतं आणि सुटायला फार वेळ घेतं. कितीही छाती दाबा, औषध जागचं हलत नाही.

उतारा सापडला तो उलट्या वाटेने. चरबी पेशींच्या ऊर्जाघरात पोहोचवायला कार्निटिन लागतं. ते कमी असलेल्या एका रुग्णाच्या हृदयाचे ठोके ब्युपिवाकेनच्या अगदी थोड्या मात्रेने बिघडले. शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. त्यांचा कयास असा, की शिरेतून चरबी दिली तर विषबाधा वाढेल. उंदरांवर पाहिलं तर ती कमी झाली! १९९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. २००३ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग झाला : चरबी दिलेले सहाही वाचले, सलाइन दिलेल्यांपैकी एकही नाही. मला या कथेत सर्वांत मोठं वाटतं ते हेच. निकाल मनाविरुद्ध आला, तरी त्यांनी त्याचाच माग काढला.

ही चरबी म्हणजे इंट्रालिपिड. सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड यांचं दुधाळ मिश्रण. आर्व्हिद रेटलिंड यांनी ते स्वीडनमध्येच, तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठी बनवलं होतं.

२००६ साली न्यूयॉर्कहून एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूभोवती बधिर करणारं इंजेक्शन, दिला होता. औषध टोचून झाल्यावर अर्ध्या मिनिटात तो गोंधळला, झटके आले, हृदय थांबलं. सुमारे वीस मिनिटं छाती दाबून, शॉक देऊन उपयोग होईना. हार्ट-लंग मशीनची तयारी चालू असताना २० टक्के इंट्रालिपिडचे १०० मिलिलिटर शिरेतून दिले. हृदय पुन्हा चालू झालं आणि माणूस मेंदूला इजा न होता बरा झाला.

पूर्वी वाटायचं की चरबी औषधाला नुसती शोषून घेते. आता समजूत अशी, की ती औषध हृदयातून उचलून स्नायू आणि यकृताकडे नेते, शिवाय हृदयालाही जोर देते. सुरुवातीचा डोस किलोमागे दीड मिलिलिटर. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही तसंच पांढरं दिसतं, पण ते याऐवजी चालत नाही : ते रक्तदाब पाडतं.

ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, छोट्या नर्सिंग होममध्येही, इंट्रालिपिडची बाटली हाताशी हवी, कुलूपबंद कपाटात नको. आणि तुम्हाला ब्लॉक मिळत असताना जीभ बधिर वाटली, कानात आवाज आला, तर संकोच न करता त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.