उज्जैनची काळी माती आणि हिरवा गालिचा

गोव्याचा माणूस उज्जैनला गेला की महाकालाच्या दर्शनाबरोबर थोडा अभिमानही मनात असतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात हे देऊळ पुन्हा उभारले. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. मी दर्शन घेऊन मावसभावाच्या घरी पोचलो तर मागच्या अंगणात खोदकाम चाललेले. त्याच्या मुलाला तिथे गोल्फचे 'पटिंग ग्रीन' करायचे होते, तेही प्लास्टिकच्या गवताचे.

मी कचेरीतला कारकून. गोल्फ मी टीव्हीवरच पाहिलेला. पण खड्डा कशाला एवढा खोल, हे विचारल्याशिवाय राहवेना. पुतण्या म्हणाला, "काका, ही माळव्याची काळी माती आहे. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हिच्यावर काही टाकलं तर वर्षात वाकडंतिकडं होऊन जाईल." म्हणून आधी काळी माती काढायची, मुरूम भरून दाबायचा, त्यावर बारीक खडी आणि चूर पसरून पुन्हा दाबायचे. पाणी वाहून जावे म्हणून किंचित उतार ठेवायचा. मग गालिचा अंथरायचा, खालून सांधपट्टी आणि डिंक लावून जोड बसवायचे आणि गवताच्या पात्यांत वाळू घासून भरायची. भोक सव्वाचार इंचांचे. हे माप १८९१ साली ठरले, ते आजही तेच आहे.

मला आपल्याकडचे अंगण आठवले. पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास माती घालून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून आपण दरवर्षी अंगण नव्याने करतो. सपाटी आणि पाण्याची वाट, चिंता तीच. फरक इतकाच की आमचे अंगण एका पावसाळ्यापुरते असते.

गवत नसले म्हणून खेळ थांबत नाही, हे गोल्फवाल्यांना फार पूर्वीच उमगले होते. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. पण देशातल्या कोरड्या छावण्यांत हिरवळ कुठून आणणार? तिथे वाळूत तेल घालून, दाबून भोकाभोवतीची जागा करत. तिला 'ग्रीन' म्हणण्याऐवजी 'ब्राउन' म्हणत. प्लास्टिकचे गवत पुढे अमेरिकेत आले. १९६४ साली प्रॉव्हिडन्सच्या एका शाळेत ते घातले गेले. पुढे ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या मोठ्या मैदानात छपराच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून ती रंगवली. मग ऊन मिळेना आणि खरे गवत मेले. १९६६ साली तिथे हा गालिचा अंथरला आणि 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव जगभर झाले.

आपल्याला ते नाव कळले ते हॉकीमुळे. उज्जैनहून फार लांब नाही ते महू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधला आपला कप्तान किशनलाल तिथला, १९५६, १९६० आणि १९६४ चा गोलरक्षक शंकर लक्ष्मणही तिथलाच. १९४८ च्या त्याच संघात लिओ पिंटो, लॉरी फर्नांडिस अशी गोव्याच्या मुळांची मंडळी होती. १९२८ ते १९७२ एकही ऑलिंपिक आपण पदकाविना परतलो नव्हतो. १९७५ चा विश्वचषकही गवतावर जिंकला. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. सगळा दोष गालिच्याचा नव्हे, कारण १९८० चे मॉस्कोचे सुवर्णही कृत्रिम गवतावरचेच. पण तो गालिचा महागडा होता आणि मोजक्या शहरांत आला. बाकी ठिकाणची पोरे माती-गवतावर शिकून मोठी होत आणि निवडीच्या वेळी परक्या जमिनीवर उभी राहत. कुस्तीत हेच आधी घडले होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले. १९४८ ला लंडनच्या मॅटवर सहावे आले, जिद्दीने ती मॅट आपलीशी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

हे सगळे मी भावाला सांगत होतो, खरे तर मनातला राग झाकण्यासाठी. कारण खोदकाम चालले होते त्याच जागी त्याच्या आजोबांचा हौद होता. तिथे गल्लीतली पोरे कुस्ती खेळत आणि बाजूच्या मल्लखांबावर चढत. लहानपणी सुटीत गेलो की मीही तिथे लोळलोय. आता तो खांब उपटून भिंतीशी आडवा टाकलेला.

एवढ्यात मजूर ओरडला, "बाबूजी, यहाँ की मिट्टी अलग है!" पाहिले तर मध्यभागी चौकोनी पट्टा, भुरभुरीत तांबूस मातीचा. भाऊ म्हणाला, "आजोबांनी गाडीने बाहेरून आणवली होती. काळ्या मातीत कुस्ती होत नाही, पावसात चिकटते, उन्हात दगड होते. ही चाळायची, हळद, तेल, ताक घालून मळायची."

मी गप्प झालो. म्हणजे आजोबांनीही काळी माती काढून दुसरीच भरली होती! मी ज्याला अस्सल समजत होतो तो हौदही केलेलाच होता. तेव्हा भांडण माती की प्लास्टिक हे नव्हेच. मी पुतण्याला एवढेच विचारले, "इथे खेळायला कोण येणार?" तो जरा थांबून म्हणाला, "मी, आणि रविवारी दोन मित्र." आजोबांच्या हौदात संध्याकाळी वीस पोरे असत आणि मागचे दार उघडे असे. फरक मला तिथे दिसला.

निघताना भावाला म्हटले, खांब सडू देऊ नकोस. महिन्याभराने त्याचा फोन आला. खांब जवळच्या व्यायामशाळेला दिला, तिथे तो पुरला आहे आणि हौदाची माती चार पोती तीही नेली. ग्रीनही झाले आहे, चेंडू छान पळतो म्हणे. मागचे दार मात्र बंद असते.

आपल्या वाड्यावरच्या अंगणांत आता फरशा बसल्या आहेत. फरशी वाईट नाही. पण संध्याकाळी तिच्यावर कोण खेळते, हे एकदा पाहून या.